बाळंतविड्यासाठी धागा निवडताना

नमस्कार श्रोतेहो.

बारशाची तारीख ठरली की घराघरांतून सुया आणि क्रोशे बाहेर निघतात. टोपडं, मोजे, दुपटं, एखादा हत्ती नाहीतर कासव. दुकानात जाऊन आपण म्हणतो, "बाळासाठी लोकर द्या." दुकानदार फिक्या गुलाबी रंगाचा मऊ, गुबगुबीत गुंडा पुढे ठेवतो आणि वेष्टनावर मोठ्या अक्षरांत 'बेबी' लिहिलेलं असतं. धागा कशाचा आहे, हे त्या शब्दावरून कळत नाही. आपण सरसकट लोकर म्हणतो तो धागा बहुतेक वेळा ऍक्रिलिकचा, म्हणजे प्लास्टिकच्याच जातीचा असतो. म्हणून वेष्टन फिरवून मागची बारीक अक्षरं वाचायची. सूत किती टक्के, ऍक्रिलिक किती, वजन किती, लांबी किती, कोणत्या नंबरची सुई, आणि रंगाचा लॉट नंबर, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या धाग्याचा क्रमांक. पाण्याच्या टबाचं चित्र असेल तर त्यातला आकडा हा धुण्याच्या पाण्याचं जास्तीत जास्त तापमान असतो. टबात हात दाखवला असेल तर ते हातानेच धुवायचं.

गुंडा गालाला लावून मऊपणा पाहण्याआधी कोकणातल्या तान्ह्या बाळाचा दिवस डोळ्यांपुढे आणा. सकाळी अंगभर खोबरेल, न्हाणं झालं की शेगडी आणि धुरी, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत दोरीवर दोन-दोन दिवस ओले राहणारे कपडे. धागा या सगळ्याला टिकला पाहिजे.

आधी खोबरेल घेऊ. हे तेल साधारण 24 अंश सेल्सिअसखाली थिजतं. डिसेंबर-जानेवारीत विहिरीच्या गार पाण्यात टोपडं कितीही चोळलं तरी तेल धाग्यातच बसून राहतं. त्याला 40 अंशांचं, म्हणजे हाताला चांगलं कोमट लागेल असं पाणी आणि साबण हवा. सुती धागा त्याहून गरम, 60 अंशांचं पाणीही सोसतो. ऍक्रिलिक तेल धरून ठेवतं, काही आठवड्यांत त्याला खवट वास येऊ लागतो, आणि फार गरम पाण्यात टाकलं तर ते ढिलं पडून आकार सोडतं. खरी मेंढीची लोकर गरम पाण्यात चोळली की आटून जाड आणि ताठ होते, आणि एकदा आटलेली लोकर पुन्हा मोकळी होत नाही. तशीही किनाऱ्यावर लोकरीइतकी थंडी किती दिवस असते? सह्याद्रीच्या पायथ्याला, देवरुख-संगमेश्वरकडे, पहाटे गारठा असतो, तिथे लोकरीचं एखादं स्वेटर चालेल. तेही आत सुती झबलं घालून.

शेगडीबद्दल जरा जास्त काळजीने बोलायला हवं. ऍक्रिलिकवर ठिणगी पडली की ते वितळतं, आणि तो वितळलेला गोळा कातडीला चिकटतो. सूत वितळत नाही, पण पेटतं. तेव्हा दुपटं कोणत्याही धाग्याचं असो, निखाऱ्यापासून लांबच हवं आणि पावसात शेगडीवर टांगून वाळवू नये. धुरीचा धूर बाळाच्या छातीला बरा नाही, असंच बालरोगतज्ज्ञ सांगतात. आपण दिलेली भेट मात्र अशाही घरात जाते जिथे आजी धुरी देणारच आहे. त्या घरासाठी ऍक्रिलिक निवडू नका.

मग पाऊस. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांतच. सूत पाणी भरपूर धरतं. त्यामुळे जाड सुती दुपटं वाळत नाही, कुबट वास मारतं आणि त्यावर बुरशीचे काळे ठिपके येतात. ऍक्रिलिक लवकर वाळतं, हे खरं. पण त्यासाठी ऍक्रिलिककडे वळण्यापेक्षा सूतच बारीक घ्यावं. 8 प्लायऐवजी 4 प्लाय घ्या; प्लायचा आकडा जितका लहान, तितका धागा बारीक. 75 सेंटीमीटर चौरस दुपट्याला 4 प्लाय सूत साधारण 250 ग्रॅम लागतं, 3.25 किंवा 3.5 मिलिमीटरच्या सुईवर. तेच क्रोशाने करायचं तर एक तृतीयांश सूत जास्त धरा. टोपड्याला 50 ग्रॅमचा एक गुंडा पुरून उरतो. धुतल्यावर पिळू नका. पंचात गुंडाळून दाबा आणि पंख्याखाली चटईवर पसरा. दोरीवर टांगलं की ओल्या सुताच्या वजनाने ते लांबतं.

बांबूचा धागा हल्ली सगळीकडे दिसतो. तो मऊ असतो, पण ओला झाला की कमजोर पडतो आणि लोंबतो. निम्मं सूत मिसळलेला असेल तर घ्या. आणि घरात तोरणं, रुमाल विणून उरलेला 20 नंबरचा क्रोशाचा दोरा टोपड्याला वापरू नका. तो पीळदार आणि ताठ असतो, बाळाच्या कानामागे रुततो.

आठवडा बाजारातली सुटी लडी वेष्टनाशिवाय येते. ती कशाची हे पाहायचं तर 5 सेंटीमीटरचा तुकडा चिमट्यात धरून पाण्याच्या घमेल्यावर पेटवा. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ करडी राख उरते. लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि ज्योत आपोआप विझते. ऍक्रिलिक काळा धूर सोडत वितळतं आणि टोकाला टणक काळा मणी राहतो.

रंगाची परीक्षा त्याहून सोपी आहे. पांढऱ्या सुती चिंधीला साबणाचं कोमट पाणी लावा, धागा तिच्यात गुंडाळून दहा मिनिटं दाबून ठेवा. चिंधी रंगली तर तो धागा बाळासाठी नाही, कारण बाळ दुपट्याचा कोपरा तोंडात घालणारच. लाल, मरून, गडद निळा आणि काळा हे रंग सर्वांत जास्त जातात. बोरन्हाणासाठी काळं झबलं विणायचं असेल तर ही परीक्षा चुकवू नका. त्यावर हलव्याचे दागिने येतात, घाम येतो, आणि काळा रंग थेट अंगावर उतरतो. वेष्टनावर ओइको-टेक्स स्टँडर्ड 100 आणि त्यातही वर्ग 1 असं लिहिलेलं असेल तर तो धागा तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच्या कडक मर्यादांनुसार तपासलेला असतो.

विणायला बसण्याआधी 15 सेंटीमीटर चौरस नमुना विणा, पुढे धुणार तसाच धुवा, वाळवा आणि मोजा. 15 चे 14 झाले तर 75 चं दुपटं 70 वर येणार. सूत लोकरीसारखं ताणून परत येत नाही, म्हणून टोपड्याच्या काठाला एक सुलट, एक उलट असे टाके घ्या. तीन महिन्यांच्या बाळाचं डोकं साधारण 40 सेंटीमीटर असतं, टोपडं 37 ते 38 ठेवा. बारशाच्या मापाचं विणू नका, महिन्याभरात ते लहान होतं.

आता मोजे, आणि इथे खरोखर लक्ष द्या. मोज्याच्या आत सुटलेला एक लांब धागा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जातो आणि रक्त अडवतो. बाळ रडत राहतं, मोजा काढून पाहण्याचं कुणाच्या लक्षात येत नाही, आणि बोट सुजून निळं पडतं. म्हणून मोजे आणि हातमोजे एकाच रंगाचे विणा. दोन रंगांची नक्षी केली की मागे धाग्यांचे पूल राहतात. टोकं 15 सेंटीमीटर सोडा आणि सुईने तीन दिशांना फिरवून आत घ्या. नुसती गाठ मारून कापू नका, चकचकीत मर्सराइझ्ड, म्हणजे रसायनाने गुळगुळीत केलेल्या सुताची गाठ तर हमखास निसटते. शेवटी मोजा उलटा करून आतून बोट फिरवा. मोहेर, अंगोरा किंवा झालरीसारखा लव असलेला धागा नको. ते तंतू सुटून नाकातोंडात जातात. जरीचा धागाही नको, तो बोचतो.

कुंचीला गळ्याखाली बंद लावायची आपली रीत आहे. लांब बंद गळ्याभोवती आवळू शकतात, त्याऐवजी आतल्या बाजूला चापट प्रेस-बटण पक्कं बसवा. दुपट्याची जाळी बाळाचं बोट अडकेल इतकी मोठी नसावी. झोपलेल्या बाळाच्या पाळण्यात सुटं दुपटं, खेळणं किंवा डोक्यावर टोपडं ठेवू नये. ते जागेपणी, मांडीवर घेताना वापरायचं.

खेळण्याला मर्सराइझ्ड सूत चांगलं, कारण लव कमी आणि चोखलं तरी फुगत नाही. नेहमीपेक्षा बारीक, 2.5 मिलिमीटरचा क्रोशे घ्या, म्हणजे भरण बाहेर दिसत नाही. आत शेवरीचा कापूस भरला तर पावसात तो आतून सडतो. धुता येणारं पॉलिएस्टर फायबर भरा. डोळे मण्यांचे नकोत, धाग्यानेच भरा.

भेट द्यायला अवकाश असेल तर ती डांबराच्या गोळ्या ठेवलेल्या कपाटात ठेवू नका. त्या बऱ्याचदा नॅफ्थलिनच्या असतात. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, आणि अशा कपड्यांतून नॅफ्थलिन अंगात गेलं की त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात. कावीळ इतकी वाढू शकते की जिवावर बेतावं. कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा वेखंड कापडी पुरचुंडीत बांधून ठेवा आणि देण्याआधी वस्तू धुऊन उन्हात वाळवा.

सोबत एक चिठ्ठी द्या: 'सूत 100 टक्के, कोमट पाणी 40 अंश, पिळू नये, सपाट वाळवावे.' आणि त्याच लॉटचा पाच मीटर धागा चिठ्ठीला गुंडाळून द्या. एखादा टाका सुटला तर बाळाच्या आईला तो तिथेच भरता येईल.