स्वतः घेतलेलं नाव

मंडळी, ‘एका जनार्दनी’ हे दोन शब्द आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पैठणचे एकनाथ आणि देवगिरीच्या किल्ल्यावरचे त्यांचे गुरू जनार्दनस्वामी. अभंगाच्या शेवटी सही करतानाही नाथ एकट्याची सही करत नाहीत, आधाराला गुरूचं नाव घेतात. आजचा विषय इंटरनेटवरच्या नावांचा आहे. आपण ज्याला युजरनेम म्हणतो, आयडी म्हणतो, हल्लीची मुलं हँडल म्हणतात, त्या नावांमागे काय गोष्टी असतात ते मला तुमच्यासमोर मांडायचं आहे. सुरुवात मात्र मुद्दाम पैठणपासून केली, कारण स्वतःचं नाव स्वतः घेण्याचं हे काम मराठी माणूस शेकडो वर्षं करत आला आहे. संगणक आला तेव्हा आपल्याला ते शिकावं लागलं नाही.

अभंगातल्या या सहीला आपण नाममुद्रा म्हणतो. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘चोखा म्हणे’. अभंग तोंडातोंडी फिरायचा. त्याला ना पहिलं पान, ना मुखपृष्ठ. कवीचं नाव बाहेर कुठे लिहिण्याची सोयच नव्हती, म्हणून ते चरणातच बसवावं लागलं. आता त्या नावांकडे नीट पाहा. जनाबाई स्वतःला काय म्हणवते? नामयाची दासी. ज्ञानेश्वरांची मुद्रा तर ‘बापरखुमादेवीवरु’ अशी, म्हणजे सगळी ओळखच विठ्ठलाच्या नात्यातून. आणि चोखामेळ्याची पत्नी सोयराबाई स्वतःला ‘चोखियाची महारी’ म्हणवते. जी जात गावाने तिच्या अंगावर टाकली होती, ती तिने स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या अभंगात, विठ्ठलासमोर उच्चारली. तो शब्द गावाने उच्चारणं आणि सोयराबाईने उच्चारणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मला ही सगळ्या मराठी कवितेतली सर्वांत धीट सही वाटते.

‘हे नाव आधीच घेतलेलं आहे’ अशी पाटी आज पडद्यावर येते. ती अडचणही जुनीच. सोळाव्या शतकात विष्णुदास नामा नावाचे एक कवी होऊन गेले. त्यांनी महाभारतावर रचना केली, अभंगही लिहिले. तेही ‘नामा’ आणि तेराव्या-चौदाव्या शतकातले संत नामदेवही ‘नामा’. पुढच्या पिढ्यांनी गाथा उतरवून घेतल्या तेव्हा एकाचे अभंग दुसऱ्याच्या नावावर गेले, आणि ते सोडवत बसण्यात अभ्यासकांची आयुष्यं गेली. दोन माणसांना एक नाव देऊ नये हा संगणकाचा नियम आपल्याला जाचक वाटतो. पण नामदेवांच्या गाथेवर काम केलेल्या माणसाला विचारा, तो या नियमाला हात जोडेल.

छापखाना आला आणि नाव घेण्याचं कारण बदललं. १८४१ मध्ये मुंबईच्या ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये आठ पत्रं छापून आली, खाली सही ‘एक हिंदू’. कंपनी सरकार या देशाची कशी लूट करतं आहे ते त्यात रोखठोक मांडलं होतं. लिहिणारे होते भास्कर पांडुरंग तर्खडकर. त्यानंतर ‘प्रभाकर’मध्ये १८४८ ते १८५० या काळात ‘लोकहितवादी’ या नावाने शतपत्रं आली. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते आणि लिहीत होते आपल्याच समाजाच्या दुखण्यांवर, आपल्याच जातीच्या दंभावर. अशा माणसाला नावाची आड लागतेच. आज कुणी खोट्या नावाने लिहितो म्हटलं की आपण लगेच तोंड वाकडं करतो. मराठी संकेतस्थळांवर एकाच माणसाने दुसरं नाव घेतलं तर त्याला ‘डू-आयडी’ म्हणतात, आणि ती शिवीच समजली जाते. पुष्कळदा ती योग्यही असते. पण ज्याला ‘खरं नाव सांग’ म्हणून दरडावलं जातं, त्याचं पोट कुणाच्या हातात आहे हे आधी बघावं. तर्खडकर आणि देशमुख यांना खरं नाव घालायची सक्ती असती, तर ती पत्रं कदाचित लिहिलीच गेली नसती.

आता कवींकडे येऊ. कृष्णाजी केशव दामले झाले केशवसुत. वडिलांचं नाव केशव. राम गणेश गडकरी कवितेपुरते गोविंदाग्रज झाले, धाकट्या भावाच्या नावावरून. विनोदासाठी त्यांनी पुन्हा वेगळं नाव घेतलं, बाळकराम. प्रल्हाद केशव अत्र्यांच्या वडिलांचंही नाव केशव, पण केशवसुत हे नाव तर मराठी कवितेत कोरलं गेलं होतं. अत्र्यांचं विडंबन आलं ते केशवकुमार या नावाने. चिंतामण त्र्यंबक खानोलकरांनी कादंबऱ्या आणि नाटकं स्वतःच्या नावावर ठेवली आणि कविता आरती प्रभू या नावाला दिली. आज एखादी मुलगी फोटोंसाठी एक खातं ठेवते आणि कवितेसाठी दुसरं, आणि दुसऱ्याचा पत्ता घरात कुणाला नसतो, तेव्हा ती खानोलकरांच्याच वाटेने चाललेली असते. सगळीच नावं अशी स्वतः घेतलेली नव्हती, हेही सांगायला हवं. त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात लोकांनी बालकवी केलं, आणि तेच नाव त्यांना आयुष्यभर पुरलं.

यातल्या दोन नावांपाशी मला जरा जास्त थांबायचं आहे.

पहिलं नाव कुसुमाग्रज. जन्म २७ फेब्रुवारी १९१२, जन्मनाव गजानन रंगनाथ शिरवाडकर. पुढे वामन शिरवाडकर या काकांकडे ते दत्तक गेले, आणि मुलाचं पहिलं नाव बदललं, बापाचं नाव बदललं. विष्णु वामन झाले. लहान मुलाला यात कोण विचारतो? दोन नावं झाली, दोन्ही मोठ्यांनी ठरवलेली. तिसरं मात्र त्यांनी स्वतः घेतलं, आणि ते घेताना ना जन्मदात्याकडे गेले, ना दत्तक घेणाऱ्याकडे. धाकटी बहीण कुसुम, तिचा थोरला भाऊ, एवढीच ओळख त्यांनी उचलली. बाप बदलला तरी जे नातं कुणाला बदलता येत नाही, ते.

दुसरं नाव विभावरी शिरूरकर. माहेरच्या बाळूताई खरे, कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेत शिकलेल्या. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या नावाने आला. शिकलेल्या, मिळवत्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनात आणि शरीरात काय चालतं ते त्यात एका बाईने लिहिलं होतं. महाराष्ट्रात खळबळ उडाली. ही बाई कोण याचा शोध सुरू झाला. पुढे विश्राम बेडेकरांशी लग्न झालं आणि बाळूताई खरे मालतीबाई बेडेकर झाल्या. नावं मोजा. बाळूताई हे घरचं. मालतीबाई बेडेकर हे लग्नाबरोबर आलेलं. विभावरी शिरूरकर हे एकच नाव असं, की जे त्यांच्या हिमतीने जन्माला आलं. आपण त्याला टोपणनाव म्हणतो. मला विचाराल तर तिन्हींत सर्वांत जास्त त्यांचं स्वतःचं नाव तेच.

आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्यामुलाने त्यात बायकोचं नवं नाव लिहायची रीत आहे. समोर बसलेल्या बायकांत कितीजणींचं नाव असं एका संध्याकाळी बदललं असेल! मी गेली काही वर्षं भेटेल त्याला त्याच्या युजरनेमची गोष्ट विचारत आलो आहे. साठीच्या पुढच्या बायकांकडून एक उत्तर पुन्हा पुन्हा मिळालं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी गप्पच झालो. त्या म्हणतात, मोबाइल आला, खातं काढायचं होतं, नाव काय टाकू म्हणून मुलाने विचारलं, आणि माझ्या तोंडून लग्नाआधीचं नाव निघालं. आधार कार्डावर नाही, रेशनकार्डावर नाही, बँकेत नाही, चाळीस-चाळीस वर्षं कुणी त्या नावाने हाक मारलेली नाही. शाळेतल्या मैत्रिणींनी त्याच नावावरून त्यांना शोधून काढलं. एका नागपूरच्या काकूंनी तर आईचं माहेरचं नाव घेतलं आहे. त्यांचं म्हणणं, माझं तरी कुठेतरी लिहिलेलं आहे, तिचं कुठेच नव्हतं. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून पुढे जन्मलेल्या बाळांच्या नावात आईचं नाव लिहिणं सक्तीचं केलं. या बायकांनी तो निर्णय आपापल्या फोनवर आधीच घेऊन टाकला होता.

यंत्राच्या बाजूचं थोडक्यात सांगतो. एकाच संगणकावर अनेकजण आळीपाळीने काम करू लागले तेव्हा कोणतं काम कुणाचं हे कळायला लॉगिनचं नाव आलं. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये युनिक्स ही संगणक चालवणारी प्रणाली घडली, तिथे केन थॉम्प्सन यांचं लॉगिन नुसतं ‘केन’ आणि डेनिस रिची यांचं ‘डीएमआर’, आद्याक्षरं. सुरुवातीच्या युनिक्सवर नाव आठ अक्षरांच्या पुढे जात नसे, म्हणून नावं अशी तोडावी लागायची. आपल्याला हे अजिबात परकं वाटू नये. आपण गदिमा, वपु, जीए म्हणणारी माणसं आहोत. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी ईमेलच्या पत्त्यात माणूस आणि त्याचं यंत्र यांच्यामध्ये ते वेटोळ्याचं चिन्ह घातलं, आणि नावाला गाव जोडलं गेलं.

त्याच १९७१ सालची आणखी एक गोष्ट, संगणकाबाहेरची. न्यू यॉर्कच्या भिंतींवर, गाड्यांवर ‘टाकी १८३’ अशी अक्षरं दिसत होती. ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने जुलैमध्ये त्याच्यावर बातमी केली. तो निरोप्याचं काम करणारा ग्रीक वंशाचा मुलगा होता. टाकी हे घरचं लाडाचं नाव आणि १८३ हा त्याच्या रस्त्याचा क्रमांक. घरचं नाव आणि राहायचं ठिकाण, एवढं एकत्र केलं की त्या महानगरात तोच एकटा. आता आपल्याकडच्या पोरांची नावं आठवा. नावापुढे एमएच १२, एमएच ०९, एमएच ३१. पुणे, कोल्हापूर, नागपूर. गाडीच्या पाटीवरचा आकडा पोरं गावाच्या अभिमानाने नावाला लावतात. सांगलीचा मुलगा नोकरीसाठी बेंगळुरूला जातो, गाडी तिथली घेतो, पण नावापुढचा १० काही काढत नाही. नावाशेजारचा आकडा म्हणजे नाव मिळालं नाही म्हणून केलेली भर, असं आपण धरून चालतो. तसं असतंच असं नाही. विचारल्याशिवाय कळत नाही. तो आकडा जन्मसाल असू शकतो, खेळाडूच्या पाठीवरचा असू शकतो, वडील ज्या बसवर चालक होते त्या मार्गाचा असू शकतो.

एक तक्रार मला मनापासून करायची आहे. जगातल्या मोठ्या कंपन्यांनी नाव रोमन अक्षरांतच घ्या असं बंधन घातलं. ट्विटरवर, म्हणजे आताच्या ‘एक्स’वर, तर पंधरा चिन्हं, रोमन अक्षरं, आकडे आणि खालची रेघ, बाकी काही नाही. त्या चौकटीत ‘काळे’ आणि ‘काले’ एक होतात. ‘ळ’ जातो, ‘ण’ जातो. काळे आडनावाच्या माणसाला नाव मिळत नाही, कारण दुसऱ्या कुण्या प्रांतातल्या काले आडनावाच्या माणसाने ते आधीच घेतलेलं असतं. मराठी संकेतस्थळांवर देवनागरीत नाव घेता आलं तेव्हा लोकांनी कशी नावं घेतली ते पाहा: झाडांची, नक्षत्रांची, नदीची, आजोळच्या गावाची. लिपी मोकळी झाली की नावालाही मोकळीक मिळते.

राहिलं आडनाव. महाराष्ट्रात आडनाव सांगितलं की समोरचा मनातल्या मनात जात लावतो. हे आपण सगळे जाणतो आणि चारचौघांत बोलत नाही. मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांतल्या तरुण मुलामुलींनी आडनाव गाळण्याचं हेच कारण दिलं. कुणी गावाचं नाव लावतं, कुणी आईचं, कुणी नुसतं स्वतःचं ठेवतं. एका मुलाने सांगितलं, माझी कविता आधी वाचू दे, मग मी कोण ते विचारू दे. दुसऱ्या बाजूला असेही आहेत की ज्यांनी युजरनेममध्ये ‘भीम’ ठळक ठेवलं आहे, आडनावाच्या आधी. पहिला लपतो आणि दुसरा मिरवतो, असा निवाडा कृपा करून करू नका. कुणाला काय आणि कधी सांगायचं हे या दोघांनीही स्वतःच्या हातात घेतलं आहे. आणि मिरवण्यात भेद आहे. जे आडनाव गावात आधीच पायघड्या घालून घेतं, त्याच्यापुढे ‘९६’ लावून पुन्हा दरारा दाखवणं, आणि ज्या नावासाठी बाप-आजा वेशीबाहेर राहिले ते नाव उघड लावणं, ही एकच गोष्ट नाही.

ही नावं फार लवकर पुसली जातात. ऑर्कुट हे मित्रमैत्रिणी जोडायचं संकेतस्थळ ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. कॉलेजात असताना हौसेने घेतलेली आपल्याकडच्या किती पोरापोरींची नावं त्यात गेली! अभंगातली नाममुद्रा टिकली, कारण ती चरणातच होती. अभंग म्हणणाऱ्याला नाव गाळताच येत नव्हतं. आपली आजची नावं मजकुराच्या बाहेर, कंपनीच्या यंत्रात राहतात. म्हणून माझी एक विनंती आहे. सभागृहाच्या दाराशी टेबलावर एक वही ठेवली आहे. जाताना त्यात तुमचं युजरनेम लिहा, ते कोणत्या वर्षी घेतलं ते लिहा, आणि कुणावरून घेतलं ते दोन ओळींत लिहा. सोडून दिलेलं नाव असेल तर तेही चालेल, किंबहुना ते आधी लिहा. आडनाव, फोन, जन्मतारीख लिहू नका. ज्यांना देवनागरीत लिहायचं आहे त्यांनी देवनागरीत लिहावं, ‘ळ’ आणि ‘ण’ यांच्यासकट. आणि सोबत आलेल्या आई-आजीला लिहायचा कंटाळा असेल, तर त्यांना विचारून तुम्ही लिहा. मी शेवटचा माणूस जाईपर्यंत इथे बसलो आहे.