अण्णा चालायला लागले, पण हिशेब चुकतो

नमस्कार श्रोतेहो.

माझे वडील लालबागचे, बेस्टमध्ये कंडक्टर होते. भरलेल्या बसमध्ये पाच जणांचे सुट्टे पैसे त्यांच्या डोक्यात असायचे. तीन वर्षांपूर्वी मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आणि उजवी बाजू लुळी पडली. व्यायामाने तीन महिन्यांत अण्णा चाळीचा जिना चढू लागले. शेजाऱ्यांनी पेढे मागितले, आम्ही वाटले.

मग एकदा दूध-पाव आणायला गेले, ते पाव विसरून आणि सुट्टे न घेताच परत आले. चहाचं आधण उकळून आटायचं आणि हे साखरेचा डबा धरून उभे. टीव्ही चालू असताना काही विचारलं की चिडायचे. आई म्हणायची, "मुद्दाम करताय." मीही ओरडले आहे त्यांच्यावर. अजून जीव कळवळतो.

ते मुद्दाम नव्हतं. मोठी रक्तवाहिनी बंद झाली की मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात, आणि त्या काही फक्त हातापायांच्या नसतात. लक्ष देणं, कामाचा क्रम लावणं, विचाराचा वेग, हे सगळं बिघडू शकतं. जुन्या आठवणी मात्र बऱ्याचदा टिकतात. 1982 च्या गिरणी संपाच्या गोष्टी अण्णा बारकाव्यांसकट सांगायचे, म्हणून आम्हाला शंकाच आली नाही.

पुढच्या तपासणीला मी दूध-पावाची गोष्ट सांगितली, तेव्हा डॉक्टरांनी लक्ष, स्मरण, विचार तपासणारी 'मोका' नावाची 30 गुणांची चाचणी घेतली, मराठीतच. घड्याळ काढा, 100 मधून सात-सात वजा करत जा. अण्णा 93 वर आले आणि थांबले. आयुष्यभर सुट्टे मोजलेला माणूस! मी खिडकीकडे पाहत राहिले.

डॉक्टरांनी झोप आणि मन उदास आहे का, हेही विचारलं. पक्षाघातानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं, त्यानेही माणूस असाच हरवल्यासारखा दिसतो, आणि त्यावर उपचार आहेत. गेलेली बुद्धी परत आणणारी गोळी मात्र नाही. दुसरा झटका टाळणं मोठं काम: रक्तदाब, साखर, हृदयाचे ठोके, आणि तंबाखू-मिश्री बंद. पुन्हा तोंड वाकडं झालं, बोबडी वळली, तर लगेच 108. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

तुमच्या घरी कुणी असं असेल, तर अशा रोजच्या चुका एका वहीत लिहून ठेवा आणि फाइलसोबत ती वहीही डॉक्टरांकडे न्या.

आता अण्णांना आम्ही एका वेळी एकच वस्तू सांगतो, चिठ्ठी खिशात. टीव्ही बंद करून बोलतो. वेळ लागतो. आई गॅलरीत उभी राहते, हाक मारत नाही.