गिटारच्या गर्दीत व्हायोलिन

(पडद्यावर: लहानशी खोली. संगणकाच्या स्क्रीनवर एकाखाली एक ट्रॅक.)

ड्रम्स झाले, बेस झाला. एक गिटार डावीकडे, एक उजवीकडे. गाणंही गाऊन झालं. तरी कोरस (गाण्याचा पुन्हा पुन्हा येणारा भाग) यावा तसा अंगावर येत नाही. अशा वेळी हात कीबोर्डकडे जातो, 'स्ट्रिंग्ज' नावाचा, म्हणजे व्हायोलिनसारख्या गजाने वाजणाऱ्या तंतुवाद्यांचा आवाज निवडला जातो आणि गिटार वाजवतंय तेच कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) दोन्ही हातांनी दाबून धरले जातात. पहिल्यांदा ऐकताना भरल्यासारखं वाटतं. दुसऱ्या दिवशी ऐकलं की कळतं, गाणं गढूळ झालंय.

डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम खरखरीत करणारा परिणाम) लावलेलं गिटार फार जागा व्यापतं. त्याची सगळ्यांत जाड तार 82 हर्ट्झची. पण डिस्टॉर्शन प्रत्येक स्वराच्या वरचे स्वरांश फुगवतं आणि आवाज चार-पाच हजार हर्ट्झपर्यंत पसरतो. व्हायोलिनची सगळ्यांत खालची तार 196 हर्ट्झची, तिच्याहून थोड्या मोठ्या व्हिओलाची 131, त्याहून मोठ्या चेलोची 65. म्हणजे या तिघांनाही ज्या पट्ट्यात गायचंय, तिथे गिटार आधीच ठाण मांडून बसलेलं असतं. त्याच कॉर्डची तिथे आणखी भर घातली, तर कुणाचंच धड ऐकू येत नाही.

(पडद्यावर: गिटारच्या पट्टीवर पॉवर कॉर्ड धरलेली बोटं.)

आता या बोटांकडे नीट पाहा. पॉवर कॉर्डमध्ये षड्ज आणि पंचम एवढेच स्वर असतात. गंधार मुद्दाम गाळलेला असतो, कारण डिस्टॉर्शनमध्ये तो मिसळला की स्वर एकमेकांशी झगडतात, खरखर वाढते. त्यामुळे कॉर्ड मेजर (शुद्ध गंधाराचा) की मायनर (कोमल गंधाराचा), हे गिटार सांगतच नाही. ही मोकळी जागा म्हणजे तंतुवाद्यांना दिलेलं आमंत्रण आहे, असं मला मनापासून वाटतं. व्हिओलाला फक्त तो गंधार द्या. गिटार तेच दोन स्वर रेटत राहू दे आणि मध्येच व्हिओला शुद्ध गंधारावरून कोमल गंधारावर उतरू दे. गिटारवादकाने बोट हलवलेलं नसतं, पण सगळं आभाळ बदलतं. पूर्ण ऑर्केस्ट्रा ओतूनही जे साधत नाही, ते इथे एका स्वराने साधतं.

वाद्यांची संख्याही फार लागत नाही. 1966 साली लंडनमध्ये बीटल्सचं 'एलिनॉर रिग्बी' ध्वनिमुद्रित झालं, तेव्हा साथीला आठच वादक होते: चार व्हायोलिन, दोन व्हिओला, दोन चेलो. बँडमधल्या कुणीही त्यात वाद्य वाजवलेलं नाही, नुसतं गायलंय. संयोजन जॉर्ज मार्टिन यांचं. लांब, मुलायम स्वरांऐवजी त्यांनी तुटक, ठाम आघात लिहिले. ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी मायक्रोफोन तेव्हाच्या रिवाजापेक्षा कितीतरी जवळ, थेट तारांपाशी नेले. म्हणून गज तारेवर आपटतो तेही ऐकू येतं. ड्रम्स नसलेल्या त्या गाण्यात ताल धरण्याचं काम हे आठ जणच करतात.

(पडद्यावर: गजाचा क्लोज-अप. वर, खाली, पुन्हा वर.)

घरी आपल्याकडे बहुतेकदा सॅम्पल्स असतात, म्हणजे खऱ्या वाद्यांचे आधीच ध्वनिमुद्रित केलेले, कीबोर्डवरून वाजवायचे स्वर. ती खोटी वाटण्याचं कारण म्हणजे वाजवणाऱ्याच्या मनात कीबोर्ड असतो, गज नसतो. गजाला लांबी असते. जोरात वाजवलं की तो लवकर संपतो आणि दिशा बदलावी लागते. म्हणून चार बारांचा (तालाच्या चार आवर्तनांचा) एकच स्वर दाबून ठेवण्यापूर्वी मनातल्या मनात गज ओढून पाहा. दुसरं, खरा वादक लांब स्वर एकाच जोराने धरत नाही. तो स्वर फुलतो, ओसरतो. लांब स्वरांच्या बऱ्याच सॅम्पल्समध्ये हे मॉड्युलेशन व्हीलवर, म्हणजे कीबोर्डच्या डाव्या बाजूच्या फिरत्या चाकावर असतं. डावा हात त्यावर सतत हलता हवा. तिसरं, सॅम्पल जर 16 व्हायोलिनवादकांचं असेल आणि तुम्ही त्यावर तीन स्वरांचा कॉर्ड दाबलात, तर 48 जण वाजवायला बसतात. त्यापेक्षा प्रत्येक वाद्याची ओळ वेगळी वाजवा, एका वेळी एक स्वर. वेळ जास्त लागतो, पण ओळ गुणगुणता येते, आणि जी ओळ गुणगुणता येत नाही ती बहुधा नकोच असते.

मागे पडण्याचाही प्रश्न आहे. मुलायम लेगाटो (स्वर न तोडता जोडून वाजवलेल्या) सॅम्पलला पूर्ण बोलायला कधी 100 मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त लागतात. 120 बीपीएमच्या (मिनिटाला 120 मात्रांच्या) गाण्यात पाव मात्रा 125 मिलिसेकंदांची असते. म्हणजे ड्रम्सच्या मानाने व्हायोलिन जवळजवळ पाव मात्रा उशिरा पोचतं. तो ट्रॅक तेवढा आधी सरकवा.

मिक्समध्ये, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र बसवताना, पहिलं काम गिटारचं: कोरसमध्ये त्याचं डिस्टॉर्शन थोडं उतरवा. मगच तंतुवाद्यांच्या इक्यूला (आवाजाचे खालचे-वरचे पट्टे कमी-जास्त करण्याच्या सोयीला) हात लावा. रिव्हर्बचंही (खोलीच्या घुमण्याचंही) तसंच. ड्रम्स कोरड्या खोलीत आणि व्हायोलिन्स भल्यामोठ्या सभागृहात, असं ऐकू आलं की जोड उघडा पडतो. सॅम्पलमध्ये दूरचे माइक असतील तर ते कमी करा, जवळचे वाढवा आणि सगळ्यांना थोडी थोडी एकच खोली द्या.

(पडद्यावर: घरात व्हायोलिन वाजवणारी व्यक्ती. समोर एकच मायक्रोफोन.)

आणि ओळखीत कुणी व्हायोलिन वाजवणारं असेल, तर त्यांना बोलवाच. सॅम्पल्सच्या थरावर एक खरं व्हायोलिन आलं की सगळा थर जिवंत होतो. माइक वाद्याच्या साधारण मीटरभर वर ठेवा. फार जवळ नेला तर एकट्या गजाची खरखर उठून दिसते. तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजवून घ्या आणि प्रत्येक वेळी खुर्ची थोडी हलवा, म्हणजे खोलीचा तोच ठसा प्रत्येक थरावर उमटणार नाही. या टेक्सवर (प्रत्येक वेळच्या ध्वनिमुद्रणावर) सूर दुरुस्त करणारं प्लगइन लावू नका. एका टेकमधला पंचम दुसऱ्यातल्यापेक्षा किंचित चढा असतो, आणि अनेक जण एकत्र वाजवत असल्याचा भास त्या फरकातूनच होतो.