आधी पाऊल, मग चाक

(परदेशी शिक्षणासाठी निघालेले विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर छत्रपती संभाजीनगर येथे दिलेलं व्याख्यान.)

मंडळी, हा विषय मराठवाड्यात कशाला, असा प्रश्न काही पालकांच्या चेहऱ्यावर मला दिसतो आहे. आपल्याकडे फेब्रुवारी सरला की टँकरची काळजी सुरू होते. गोठलेल्या तळ्यावर गाडी चालवायची वेळ इथं कुणावर येणार? पण समोर बसलेली ही लेकरं काही महिन्यांत कॅनडा-अमेरिकेतल्या विनिपेग, सस्काटून, मिनियापोलिस अशा गावांना निघाली आहेत. तिथं जानेवारीत पारा शून्याखाली वीस-तीस अंशांवर जातो आणि सगळी तळी गोठतात. मग एखादा वर्गमित्र किंवा घरमालक विचारतो, शनिवारी मासे धरायला येतोस का? बर्फाला भोक पाडायचं, त्यात गळ सोडायचा आणि वाट बघत बसायचं. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात नोकरीनिमित्त मी बरीच वर्षं राहिलो. तिथली माणसं कळायला याच्याइतकी चांगली जागा दुसरी नाही, म्हणून कुणी बोलावलं तर जरूर जा. फक्त जाताना काय बघायचं, एवढंच आज सांगायचं आहे.

मला काळजी वाटते ती खेड्यातून गेलेल्या, ट्रॅक्टरवर वाढलेल्या पोरांची. तळ्यावर सामान न्यायला तिकडे एटीव्ही वापरतात. मोटारसायकलसारखं सीट आणि हँडल, चार रुंद फुगीर टायर, अंगठ्यानं दाबायचा थ्रॉटल. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात तिला फोर-व्हीलर म्हणतात, कॅनडात क्वाड. आपल्या पोराला ती अर्ध्या तासात जमते. गाडी हातात बसली की जमिनीकडे बघायचं राहून जातं, आणि तिथं तर खाली जमीनच नसते.

पैठणला उन्हाळ्यात नाथसागराचं पाणी मागे हटतं, तेव्हा काय होतं ते तुम्ही पाहिलं आहे. वर वाळलेल्या गाळाची पापडी, खाली दलदल. गाळपेरा करणारा शहाणा माणूस त्यात एकदम ट्रॅक्टर घालत नाही. तो आधी चालत जातो, काठी खुपसून बघतो, जागोजाग अंदाज घेतो. हीच सवय सोबत घेऊन जा.

आता बर्फाचं बोलू. पाणी चार अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं. त्याहून थंड झालेलं पाणी हलकं होऊन वर राहतं आणि तेच आधी गोठतं. म्हणून तळं वरून खाली गोठत जातं, आणि खालचं पाणी मासे जगण्याइतपत उबदार राहतं. पण हा थर सगळीकडे सारखा नसतो. झरा असेल, ओढा येऊन मिळत असेल, पूल किंवा दोन बेटांमधली चिंचोळी जागा असेल, तिथं पाणी वाहतं आणि बर्फ पातळ राहतो. वर भुसभुशीत हिम साचलं तर ते गोधडीचं काम करतं: थंडी खाली पोहोचत नाही आणि बर्फाची जाडी वाढणं मंदावतं. पांढरंशुभ्र दिसणारं सपाट मैदान पाहून पक्केपणाचा अंदाज बांधला, तर तो इथंच चुकतो.

आकडे लक्षात ठेवा. मिनेसोटाचं नैसर्गिक संसाधन खातं नव्या, स्वच्छ, पारदर्शक बर्फासाठी जे मार्गदर्शन देतं ते असं: पायी चालायला किमान ४ इंच, स्नोमोबाइल (हिमावर धावणारी गाडी) किंवा लहान एटीव्हीला ५ ते ७ इंच, शेजारी-शेजारी बसायच्या मोठ्या एटीव्हीला ७ ते ८ इंच, लहान मोटारीला ९ ते १० इंच. बर्फ दुधासारखा पांढरा असेल तर ही जाडी दुप्पट धरायची, कारण त्यात हवेचे बुडबुडे असतात आणि त्याची ताकद साधारण निम्मी असते. बर्फ कधीच शंभर टक्के सुरक्षित नसतो, हेही तेच खातं बजावून सांगतं.

पाच आणि सहा इंचांत असा काय फरक, असं वाटेल. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतल्या लॉर्न गोल्ड यांनी १९७१ साली तरंगत्या बर्फाच्या भारवहनावर काम प्रसिद्ध केलं. त्यातलं सूत्र आजही वापरलं जातं: बर्फ पेलू शकेल ते वजन जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असतं. जाडी दुप्पट झाली तर ताकद चौपट. उलट बाजूनं बघा. सहा इंचांच्या जागी पाच इंच असला तर जाडी एका इंचानंच कमी झाली, पण ताकद तीस टक्क्यांनी गेली. आजची एटीव्ही तीन-साडेतीनशे किलोची असते. जाड कपड्यांतला माणूस, गिरमिट, तंबू, शेगडी, माशांची पेटी मिळून पाचशे किलो सहज भरतात. म्हणून ‘साधारण तेवढाच असेल’ हे वाक्य तिथं चालत नाही.

मोजायचं कसं? किनाऱ्यावर गाडी बंद करायची आणि पायी निघायचं. हातात पहार. तिकडे बर्फासाठी लांब, टोकदार पहारच मिळते. प्रत्येक पावलापुढे ती जोरात आपटायची. एका घावात आरपार गेली किंवा पाणी वर आलं, तर आल्या पावली मागे फिरायचं. पुढे गिरमिटानं भोक पाडून टेप आत घालायची, खालच्या कडेला आकडी लावून जाडी वाचायची आणि साधारण दीडशे फुटांवर पुन्हा मोजायचं. या मोजलेल्या वाटेवरूनच गाडी आणायची. काल कुणाच्या चाकांच्या खुणा उमटल्या होत्या, समोर दहा गाड्या उभ्या दिसताहेत, हा पुरावा धरू नका. त्या गाड्या कुठल्या बाजूनं आल्या ते तुम्हाला माहीत नसतं. आणि मार्च-एप्रिलचा बर्फ तर मोजूनही फसवतो. उन्हानं त्याचे उभे स्फटिक एकमेकांपासून सुटतात. जाडी फूटभर भरते, पण ताकद उरलेली नसते.

पुढची गोष्ट तिथल्या पुष्कळ लोकांनाही ठाऊक नसते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तरंगता बर्फ गाडीखाली किंचित वाकतो. गाडी पुढे गेली की तो वाक पाण्यातल्या लाटेसारखा सोबत सरकतो. या लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. तीन मीटर खोल पाण्यात तो ताशी वीस किलोमीटरच्या आसपास येतो. गाडीचा वेग लाटेच्या वेगाशी जुळला, की लाट मागे पडत नाही, वाढत जाते आणि बर्फावरचा ताण बराच चढतो. उथळ पाण्यात किनाऱ्याकडे जाताना हीच लाट काठावर आपटून उलटते. जो बर्फ उभी गाडी निमूट पेलतो, तो वेगानं पळणाऱ्या गाडीखाली फुटू शकतो. म्हणून किनाऱ्याजवळ अगदी हळू चालवायचं आणि काठाकडे सरळ न जाता तिरकं जायचं. दोन गाड्यांनी जवळजवळ, एकामागोमाग धावायचं नाही. भुर्रकन पार होऊन जाऊ, हा विचार त्या पोरांच्या डोक्यातून मला काढायचा आहे.

गाडी उभी केली तरी प्रश्न संपत नाही. जड वजनाखाली बर्फ तासागणिक हळूहळू खचत राहतो. गाडीभोवती पाणी साचायला लागलं, तर बर्फ पाण्याच्या पातळीखाली दबला असं समजा आणि लगेच गाडी हलवा. मासे धरायची भोकं गाडीपासून दूर पाडा. चार मित्रांच्या चार गाड्या एका घोळक्यात उभ्या करू नका.

गाडी चालवण्याबद्दल थोडक्यात. बहुतेक एटीव्ही एका माणसासाठीच बनवलेल्या असतात. मागे कुणाला बसवलं की वजन मागे सरकतं, तोल जातो आणि गाडी उलटते. सामान मागे रचण्यापेक्षा ओढायच्या घसरगाडीवर पसरून न्या. हेल्मेट घालाच, काचेसारख्या बर्फावर डोकं आपटलं तर पाण्यात पडायच्या आधीच सगळं संपतं. शेतातला जोरकस ब्रेक आणि झटक्याचं वळण इथं विसरा. घसरत गेलेलं चाक अचानक खरबरीत हिमात रुतलं तर गाडी कोलांटी घेते. टायरला साखळ्या किंवा खिळे लावतात ते याचसाठी. या टायरांतली हवा मुळातच कमी असते आणि थंडीत आणखी उतरते, म्हणून निघायच्या आधी ती तपासा. केबिन असलेली गाडी असेल तर बर्फावर पट्टा सोडलेला आणि खिडक्या उघड्या ठेवा. तंबूत शेगडी पेटवली तर हवा खेळती ठेवा. शेगडीतून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास.

अंगावर तरंगणारा कोट किंवा लाइफ जॅकेट हवं. आतून लोकर, सुती काही नको. गळ्यात बर्फात रुतवायचे दोन टोचे अडकवलेले हवेत. गाडीच्या खोक्यात ठेवलेले टोचे पाण्यात पडलेल्या माणसाच्या काय कामाचे? शिट्टी, दोरखंड, पिशवीत गुंडाळलेला फोन अंगाशी.

आणि बर्फ फुटलाच तर? मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गीझब्रेख्त थंड पाण्यात माणसाच्या शरीराचं काय होतं याचा अभ्यास करतात. त्यासाठी ते स्वतःही बर्फाळ पाण्यात उतरले आहेत. त्यांनी एक, दहा, एक असा हिशेब सांगितला. पहिला एक मिनिट फक्त श्वासाचा. थंडीच्या धक्क्यानं धाप लागते, तेवढ्यात पाणी नाकातोंडात जाऊ द्यायचं नाही. पुढची दहा मिनिटं हातपाय ऐकतात, तेवढ्यात बाहेर पडायचं. शुद्ध हरपायला साधारण एक तास असतो. म्हणजे घाबरून धडपडायची गरज नाही. ज्या दिशेनं आलात तिकडे तोंड करा, कारण त्या बर्फानं तुमचं वजन पेललं होतं. हात बर्फावर टाका, पाय मागे आडवे करून जोरात मारा, टोचे रुतवून अंग ओढा. बाहेर आल्यावर उभं राहू नका. लोळत लोळत दूर जा.

सोबत्यानं धावत कडेला जायचं नाही. ९११ या तिथल्या आणीबाणीच्या नंबरला फोन करून, आडवं पडून, लांबूनच दोर किंवा फळी पुढे सरकवायची. बाहेर काढलेल्या माणसाचे ओले कपडे काढा, कोरडं पांघरूण द्या, आडवं ठेवा, हातपाय चोळू नका, दारू तर मुळीच देऊ नका. अशा वेळी गारठलेल्या हृदयाला झटका सोसत नाही, म्हणून त्याला हळुवार हाताळा आणि चालवू नका.

मघाशी एका माउलीनं विचारलं, फोनवर लेकाला मी काय विचारू? जाऊ नको असं म्हणू नका, तो जाणारच आहे. विचारा: आज बर्फ किती इंच आहे, आणि तो कुणी मोजला? उत्तर ‘सगळे जातात’ असं आलं, तर त्याला सांगा, पहार घेऊन आधी स्वतः मोज. त्याचबरोबर कुठल्या तळ्यावर, कुणासोबत, किती वाजता परत येणार हेही लिहून घ्या आणि त्याच्या तिथल्या एका मित्राचा नंबर जवळ ठेवा. तो वेळेवर परतला नाही, तर तुम्ही इथून त्या मित्राला उठवायचं आणि त्यानं तिथून ९११ ला फोन करायचा. तुमच्याकडे मध्यरात्र असली तरी तिथं अजून दुपार असेल.