नजरेच्या टप्प्यात

नेम धरायचा आणि चाप ओढायचा. लांबून पाहणाऱ्याला एवढंच दिसतं. पण पडद्यावरच्या या दोन रेषा पाहा. एक डोळ्यापासून लक्ष्यापर्यंत जाणारी, अगदी सरळ. दुसरी गोळीची, आणि ती वाकलेली आहे.

नळीतून सुटली की गोळी खाली पडू लागते. वेग सेकंदाला ८५० मीटर असला, तरी ३०० मीटर गाठेपर्यंत ती अर्ध्या मीटरहून जास्त उतरते. म्हणून रायफलची नळी मुळातच किंचित वर रोखलेली असते. गोळी नजरेच्या रेषेखालून निघते, ती ओलांडून वर जाते आणि ठरलेल्या अंतरावर पुन्हा तिच्यावर येते. हा मेळ बसवणं म्हणजे झिरोइंग. ते चुकलं, तर पुढची सगळी मेहनत फुकट.

नवशिका लक्ष्याकडेच टक लावतो. पण डोळा एका वेळी एकाच अंतरावर ठरतो, आणि दुर्बीण नसलेल्या साध्या साइटवर तो ठरवायचा पुढच्या माशीवर, म्हणजे नळीच्या टोकाशी असलेल्या नेमाच्या खुणेवर. लक्ष्य थोडं धूसर दिसलं तरी चालतं. माशी जराशी सरकली, तर नेम गेलाच.

तोफांचंही शेकडो वर्षं असंच होतं: डोळ्यांना दिसेल त्यावरच नेम. तोफ डागणारा तो गोलंदाज; क्रिकेटमध्ये हा शब्द फार नंतर आला. गोलंदाजाला शत्रू दिसायचा. शत्रूलाही गोलंदाज दिसायचा.

१५ डिसेंबर १८९९. दक्षिण आफ्रिकेतलं कोलेन्सो. ब्रिटिश कर्नल लाँग १२ तोफा उघड्या माळावर पार पुढे नेतो. तुगेला नदीपलीकडे खंदकांत ब्रिटिशांशी लढणारे बोअर, म्हणजे तिथले मुख्यतः डच वंशाचे वसाहतकार, दबा धरून बसलेत. त्यांच्या काडतुसांत बिनधुराची दारू, त्यामुळे गोळ्या येतात कुठून तेच कळत नाही. तोफांजवळची माणसं एकेक करून पडतात. १० तोफा बोअरांच्या हाती लागतात.

त्यानंतरच्या काळात तोफा टेकड्यांआड गेल्या आणि न दिसणाऱ्या लक्ष्यावर गणितानं मारा करू लागल्या.

समोरासमोरचं काम उरलं ते मुख्यतः रणगाड्याकडे. आत बसलेला गनर लेझरनं अंतर मोजतो. वारा, हवेचं तापमान, लक्ष्याचा वेग, सगळं संगणक जमेस धरतो आणि तोफेचं तोंड तेवढं वळवतो. रणगाडा खाचखळग्यांतून धावत असला, तरी नळी लक्ष्यावरून ढळत नाही.

मात्र समोरच्या रणगाड्यावर लेझर ओळखणारे सेन्सर असतील, तर किरण पडताच आत इशारा वाजतो. गनरचं बोट चापावर असतं, आणि समोर धुराचा पडदा उभा राहिलेला असतो.