नेपाळला भजनी मंडळ न्यायचं तर

(ग्वाल्हेर येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, शेजारच्या देशात सांस्कृतिक सहल न्यायची म्हटलं की पत्रकात एक वाक्य हमखास असतं : दोन्ही देशांतला स्नेह दृढ व्हावा म्हणून. पुढचा कार्यक्रम वाचला तर आठ दिवसांत सहा गावं, चौदा मंदिरं, दोन सत्कार आणि एक खरेदीची दुपार. अशा सहलीत शेजारी भेटतो तो हॉटेलच्या काउंटरपुरता. म्हणून आज सहल कशी आखावी एवढंच बोलणार आहे, आणि उदाहरण घेणार आहे आपल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं एखादं वीस माणसांचं भजनी मंडळ काठमांडूजवळच्या भक्तपूरला नेण्याचं.

नेपाळच का? पाकिस्तानची वाट सध्या बंद आहे. १९७४ च्या करारानुसार जाणारे यात्रेकरूंचे जथे आणि २०१९ मध्ये उघडलेला कर्तारपूरचा मार्ग हे सगळं दोन सरकारांच्या मर्जीवर चालतं. बांगलादेशाच्या तिन्ही रेल्वेगाड्या जुलै २०२४ पासून उभ्या आहेत. भूतानला जाता येतं, पण माणशी दर रात्री बाराशे रुपये शुल्क आहे; मंडळाच्या वर्गणीतून ते झेपत नाही. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, ग्वाल्हेर-बरौनी गाडी थेट गोरखपूरला सोडते आणि तिथून सोनौलीची सीमा रस्त्यानं अडीच-तीन तासांवर आहे.

शिवाय ग्वाल्हेरला नेपाळ नवा नाही. माधवीराजे १९६६ मध्ये तिथून शिंद्यांच्या राजघराण्यात सून म्हणून आल्या. त्याआधीचा धागा कमी लोकांना माहीत असतो. काठमांडूच्या दरबारातून दूर केलेले जनरल खड्गशमशेर राणा पाल्प्यात होते. तिथे काली गंडकीच्या काठी त्यांनी पत्नी तेजकुमारी हिच्या स्मरणार्थ राणीमहाल बांधला. पुढे ते आपल्या मध्य प्रदेशातल्या सागरला येऊन राहिले. माधवीराजेंच्या सासूबाई विजयाराजे या खड्गशमशेरांच्या मुलीची मुलगी. त्या सागरला जन्मल्या आणि आजोळी वाढल्या. लुंबिनीहून पाल्प्याला वर चढलात तर हा महाल जरूर पाहा. जाता जाता एक विनंती : पाल्प्याच्या मुख्य गावाचं नाव तानसेन आहे. त्याचा आपल्या मियाँ तानसेनांशी काही संबंध नाही. ‘तानसेनाच्या नगरीतून तानसेनला’ असं पत्रकावर छापू नका. तिथले लोक सौजन्यानं हसतात आणि मनात नोंद करतात.

आता वेळापत्रक. नऊ रात्री धरा. एक लुंबिनीला, एक तानसेनला, एक वाटेत नारायणगढला, दोन काठमांडू-पाटणला आणि उरलेल्या चारही भक्तपूरला. एकाच गावात चार रात्री म्हटल्यावर मंडळात कुरकुर होते, पोखरा का नाही म्हणून विचारणा होते. तिथे ठाम राहा. पहिल्या दिवशी यजमान तुम्हाला देवळं दाखवतात, दुसऱ्या दिवशी तुमचं गाणं ऐकतात. तिसऱ्या दिवशी कुणीतरी घरी चहाला बोलावतं, आणि ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते तिथे सुरू होतं. तिसरा दिवस मोकळा ठेवा. मोकळा म्हणजे कागदावर काहीही लिहिलेलं नाही असा.

भक्तपुरात टोलाटोलांत, म्हणजे मोहल्ल्यामोहल्ल्यांत, दाफा गाणारी मंडळं आहेत. दाफा म्हणजे काठमांडू खोऱ्यातल्या नेवार लोकांचं सामूहिक भजन. संध्याकाळी देवळाजवळच्या पाटीत, म्हणजे लाकडी खांबांच्या उघड्या ओसरीत, गाणारे दोन रांगांत समोरासमोर बसतात. मधे खिं नावाचा दोन तोंडांचा ढोल आणि टाळ. आधी ढोलावर नासद्यः या संगीताच्या देवाचं आवाहन वाजतं, मग रागाचा विनाताल आलाप, मग पद : एका बाजूनं ओळ म्हणायची, दुसरीनं उचलायची. बरीच पदं तिथल्या जुन्या मल्ल राजांच्या नावावर आहेत, भूपतींद्र मल्ल, रणजित मल्ल यांची मुद्रा शेवटच्या कडव्यात येते. आपल्या अभंगात ‘तुका म्हणे’ यावं तशी. पुढ्यात हाती लिहिलेल्या जुन्या पोथ्या असतात. नासद्यःचं स्थान आपल्याला ओळखू येत नाही, कारण पुष्कळदा मूर्ती नसतेच : भिंतीत त्रिकोणात पाडलेली तीन भोकं एवढाच देव. त्याच भिंतीला पेटीची खोकी टेकवून ठेवली जातात, म्हणून हे आधी सांगून ठेवा.

हे ऐकलं की संयोजकांना लगेच ‘संयुक्त गायन’ सुचतं. नका करू. आपली मंडळं बहुतेक बायकांची, पट्टी उंच, काळी चार किंवा पाच. दाफा परंपरेनं पुरुषांचं, खालच्या पट्टीतलं. दोघांना एकत्र बसवलं की कुणीतरी ओरडतं नाहीतर कुणाचा आवाजच लागत नाही, आणि टाळ्या मात्र पडतात. त्यापेक्षा आळीपाळीनं गा. त्यांची दोन पदं, आपले दोन अभंग, प्रत्येकाआधी दोन मिनिटं अर्थ. पहिल्या संध्याकाळी आपण गाऊच नये, नुसतं ऐकावं. पाहुण्यानं आधी ऐकून घेतलं की दुसऱ्या दिवशी गर्दी वेगळी असते. बायकांनी रांगेत बसून गायलेलं चालेल का, हे पत्रातच विचारा. ऐनवेळी विचारलं तर यजमान नाही म्हणू शकत नाहीत आणि अवघडतात.

तारीख ठरवताना एक खड्डा आहे. नेपाळात सरकारी कारभार विक्रम संवतावर चालतो आणि त्यांचे महिने सौर आहेत. यजमानांनी ‘फागुन १५’ लिहिलं तर ती फाल्गुन पौर्णिमा नव्हे. साधारण २७ फेब्रुवारी येते. पत्रात नेहमी इंग्रजी तारीख आणि वार दोन्ही लिहा. साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते, तेव्हा घरगुती भेटी शनिवारी ठेवा आणि कार्यालयांची कामं सोडून द्या. घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे असतं. किरकोळ वाटतं, पण सकाळी सहाच्या बसला निम्मं मंडळ सव्वासहाला येतं ते ह्यामुळे. दशैं-तिहारच्या, म्हणजे तिथल्या दसरा-दिवाळीच्या, दिवसांत जाऊ नका, लोक आपापल्या घरी गेलेले असतात. आणि पावसाळ्यात तर नाहीच. जुलै २०२४ मध्ये नारायणगढ-मुग्लिन रस्त्यावर दरड कोसळून दोन बस त्रिशूलीत गेल्या. ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या भाविकांची बस मर्स्यांगदीत कोसळून सत्तावीस माणसं गेली. फाल्गुन-चैत्र निवडा, रात्रीचा घाट कटाक्षानं टाळा, आणि त्यासाठी एक रात्र वाढली तर वाढू द्या.

बस कुठली न्यायची? इथली घेऊन जाऊ नका. सीमेपलीकडे तिला भन्सार, म्हणजे तिथली जकात, भरावं लागतं, परवाने काढावे लागतात, आणि आपल्या चालकाला तिथले घाट ठाऊक नसतात. सोनौलीपर्यंत आपली गाडी, मग सामान घेऊन पायी सीमा ओलांडायची आणि पलीकडे बेलहियाला आधी ठरवलेली नेपाळी बस. वाद्यांची यादी मंडळाच्या लेटरहेडवर तीन प्रतींत करा : वाद्य, नग, अंदाजे किंमत, क्रमांक असेल तर क्रमांक. जातानाच आपल्या कस्टमचा शिक्का एका प्रतीवर घ्या, म्हणजे परतताना पेटी नवी विकत आणली का, हा प्रश्न उद्भवत नाही. पेटी-पखवाजाला फारसं कुणी अडवत नाही, अडकतात ते स्पीकर आणि ॲम्प्लिफायर, कारण ते विक्रीचा माल दिसतात. ते तिथेच भाड्यानं घ्या. पाटीत तर लागतही नाहीत. कोरड्या थंडीत तबल्याची पुडी ताणते आणि स्वर चढतो, तेव्हा कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी वाद्य त्या जागेत नेऊन ठेवायचं आणि मग लावायचं.

कागदपत्रं : पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, मूळ प्रत. आधार कार्ड फक्त पंधराच्या आतल्या मुलांना आणि पासष्टच्या वरच्यांना चालतं. सोनौलीला पुष्कळदा कुणी पाहत नाही, म्हणून लोक निर्धास्त होतात. मग कुणी आजारी पडून काठमांडूहून विमानानं परतायची वेळ आली की विमानतळावर अडतं. पैशाचा हिशेब सोपा आहे : आपले शंभर म्हणजे त्यांचे एकशे साठ, हा दर १९९३ पासून तोच आहे. भाव विचारताना ‘आयसी की एनसी’ हे विचारा, म्हणजे भारतीय की नेपाळी रुपये. निम्मी भांडणं तिथेच मिटतात. पाचशेच्या नोटांबद्दलचे नियम बदलत आले आहेत, शंभराच्या नोटा न्याव्यात हे बरं. देवळं-चौकांच्या तिकिटांना सार्क देशांच्या नागरिकांसाठी वेगळा, कमी दर असतो. ओळखपत्र खोलीवर राहिलं तर परदेशी दर बसतो.

मंडळात नोकरीतली माणसं असतील तर आणखी एक गोष्ट. सरकारी किंवा सरकारी मालकीच्या संस्थेतल्या कर्मचाऱ्यानं परदेशी यजमानाचा फुकट पाहुणचार घ्यायचा तर परदेशी देणग्या आणि पाहुणचारावरच्या एफसीआरए कायद्याच्या कलम ६ प्रमाणे आधी परवानगी लागते. म्हणून होमस्टेचे पैसे रीतसर द्या आणि पावती घ्या. मंडळ नोंदणीकृत असेल तर यजमानांकडून देणगी म्हणून एक रुपयाही स्वीकारू नका. नारळ, शाल, टोपी ठीक. कार्यक्रमाला तिकीट लावू नका, नाहीतर पर्यटक म्हणून आलेला माणूस तिथे धंदा करतो असं होतं. आपला मेडिक्लेम बहुधा सीमेपलीकडे लागू होत नाही, वेगळा प्रवास विमा काढा. खर्चाच्या पंधरा टक्के रक्कम बाजूला ठेवा. सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत उद्रेक होऊन विमानतळ बंद झाला, तेव्हा ज्यांच्याकडे दोन जादा रात्रींचे पैसे नव्हते त्यांचे हाल झाले.

जेवणाबद्दल थोडक्यात : डाळ-भात-तरकारी सगळीकडे मिळते, पण नेवारी समारंभाच्या ताटात मांस, अंडं आणि पेल्यात घरची दारू असते. मोमोत बहुधा रेड्याचं मांस असतं, त्याला तिथे ‘बफ’ म्हणतात. शाकाहारी किती ते यजमानांना आठवडाभर आधी कळवा. ताट पुढे आल्यावर नाक मुरडणारा एक माणूस चार दिवसांची कमाई घालवतो. उष्ट्याचे नियम त्यांचेही आपल्यासारखेच कडक आहेत, ते मात्र पाळा.

निघण्याआधी तीन बैठका घ्या. एक कागदपत्रांची, एक गाण्याची. तिसरी सगळ्यात महत्त्वाची, आणि तीच टाळली जाते : तिकडे काय बोलायचं नाही आणि काय ऐकून घ्यायचं, याची. तिथल्या पोऱ्याला ‘बहादूर’ म्हणून हाक मारायची नाही. मोठ्या पुरुषाला दाइ, बाईला दिदी, आणि सगळ्यांना तपाईं, म्हणजे आपण. ‘नेपाळ म्हणजे काय, आपलंच की’ हे वाक्य आपण प्रेमानं बोलतो, त्यांना ते गिळायला आल्यासारखं ऐकू येतं. बुद्ध भारतात जन्मले असं लुंबिनीत उभं राहून सांगणारे महाभाग निघतात. समोर अशोकाचा खांब आहे, त्यावर ‘इथे शाक्यमुनी बुद्ध जन्मले’ असं कोरलेलं आहे. २०१५ च्या भूकंपानंतर काही महिन्यांतच सीमेवर माल अडला. भारत सरकारनं नाकाबंदी केल्याचं अधिकृतपणे नाकारलं. पण गॅसविना चुली पेटवलेल्या बाईला ते सांगून उपयोग नसतो. ती बोलेल ते ऐका. उत्तर द्यायला तुम्ही परराष्ट्र खात्याचे नाही.

आणि १८५७. ग्वाल्हेरचा माणूस झाशीच्या राणीच्या समाधीचा विषय काढणारच. त्यानं हेही माहीत करून जावं की जंगबहादूर राणा १८५८ मध्ये फौज घेऊन लखनौला इंग्रजांच्या मदतीला आले, आणि त्याचं बक्षीस म्हणून १८१६ मध्ये गेलेली पश्चिम तराई नेपाळला परत मिळाली. तिथल्या लोकांना तो आपला परत आलेला मुलूख आहे. त्याच जंगबहादूरांनी बेगम हजरत महलला आणि पेशव्यांच्या घरातल्या स्त्रियांना आसरा दिला; बेगमची कबर काठमांडूत आहे, तिथे अवश्य जा. ग्वाल्हेरकरांना हा गुंता समजायला जड जाऊ नये. १८५८ च्या जूनमध्ये इथले महाराज कुठल्या बाजूला होते आणि त्यांची फौज कुठल्या, हे आपण लहानपणापासून ऐकतोय आणि अजून त्यावर वाद घालतो. तोच वाद तिथे मोकळेपणानं सांगा. आपल्या घरातला अवघड इतिहास आधी उघड केला की समोरचा त्याचा काढतो.

परतीची भेट नसेल तर या सगळ्याला मी सहल म्हणेन, देवघेव म्हणणार नाही. दाफा मंडळाला डिसेंबरात ग्वाल्हेरच्या तानसेन समारोहाला बोलवा. त्यांना मोठ्या रंगमंचासमोर खुर्च्या देण्याआधी सकाळी मियाँ तानसेनांच्या समाधीवर न्या : सनई, मग ढोलीबुवांची हरिकथा, मग मिलाद शरीफ, चादर. आपल्याला याचं काही वाटत नाही, बाहेरच्याला हेच ग्वाल्हेर. उतरायला हॉटेल नको, लष्करातली घरं द्या, पण घरं निवडताना विचारा : पाहुण्यानं बाहेर मटण खाऊन आलेलं चालेल ना? जिथे चालत नाही ते घर यादीतून काढा, वाईट वाटून घेऊ नका. पाहुण्यांना नेपाळी नागरिकता प्रमाणपत्राची मूळ प्रत आणायला सांगा, झेरॉक्स नको. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. वीस बर्थ एका डब्यात हवे असतील तर त्याच सकाळी काढा. आणि गोरखपूरला घ्यायला हिंदी-नेपाळी दोन्ही येणारा कुणीतरी पाठवा, नावाची पाटी घेऊन.