फिल्म नसलेला फोटो

हा डबा नीट बघा. पुढे सुपर-8 या घरगुती सिनेमा काढायच्या कॅमेऱ्याची लेन्स, कुशीला साधी टेपरेकॉर्डरची कॅसेट, पोटात 16 बॅटऱ्या आणि तारांचं जंजाळ. वजन साडेतीन किलोच्या वर. डिसेंबर 1975 मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या ईस्टमन कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या पंचविशीतल्या इंजिनिअरनं तो जुळवला. जगातला पहिला हातात धरता येणारा डिजिटल कॅमेरा.

बटण दाबलं की क्षणात प्रकाश आत येतो, उभ्या-आडव्या शंभर-शंभर ठिपक्यांत मोजला जातो. मग कॅसेट फिरू लागते. एक फोटो उतरायला 23 सेकंद. पहिला फोटो प्रयोगशाळेतल्या एका सहकारी मुलीचा. कॅसेटवरून तो टीव्हीवर आणला. तिचे केस दिसले, मागची भिंत दिसली, चेहऱ्याच्या जागी नुसता चिखल! तारांची एक जोडणी उलटी झाली होती. ती फिरवली, आणि चेहरा आला.

1976 मध्ये सॅसन हा डबा घेऊन मीटिंगमागून मीटिंग फिरले. जमलेल्या साहेबांचाच फोटो काढायचा आणि तिथल्या तिथे टीव्हीवर दाखवायचा. तंत्राविषयी कुणी फारसं विचारलं नाही. विचारलं ते हे: टीव्हीवर फोटो कोण बघणार? ठेवायचे कुठे? अल्बमचं काय? बाजारात कधी येईल? सॅसन यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, पंधरा-वीस वर्षं. तिथेच विषय थंडावला. इतक्या लांबच्या गोष्टीसाठी आजची खुर्ची कोण पणाला लावणार?

खरी अडचण त्या टेबलावरच पडली होती. फिल्म, ती धुण्याची रसायनं, छपाईचा कागद: प्रत्येक फोटोमागे कोडॅकला तीनदा पैसा मिळायचा. या डब्यात तिन्ही नव्हतं. आणि निर्णय फिल्मवर मोठ्या झालेल्या माणसांच्या हातात. म्हणून निरोप आला: छान आहे, पण बाहेर बोलू नका. 1978 मध्ये पेटंट मिळालं, तरी कॅमेरा बाहेर दाखवायची परवानगी नव्हती.

सॅसन कंपनीतच राहिले. 1989 मध्ये एका सहकाऱ्यासोबत त्यांनी मेमरी कार्डवर चालणारा, आजच्यासारखा दिसणारा कॅमेरा बनवला. फिल्मचा खप मार खाईल म्हणून तोही अडवला गेला.

जानेवारी 2012 मध्ये कोडॅकनं दिवाळखोरीसाठी कोर्टात अर्ज केला.

आणि हे सॅसन. हातात तोच डबा.